येते हं

३ फेब्रुवारी
धाराशिव! सकाळी एसटीतून उतरले तेव्हा दोन बॅगा, एक उशी आणि भलताच उत्साह एवढं सामान होतं. पुण्यात चौदा वर्षं जाहिरातींना आवाज दिला. गेल्या वर्षी कंपन्यांनी यंत्राचा आवाज घेतला आणि माझा फोन वाजायचा थांबला. त्यामुळे इथल्या छोट्या रेडिओ केंद्रानं बोलावल्यावर आढेवेढे घेतलेच नाहीत. केंद्र म्हणजे दोन खोल्या, भिंतींना गादीचा फोम चिकटवलेला. ते चालवणारे खाजाभाई मला मॅडम म्हणतात आणि चहात साखर विचारत नाहीत, ओततात. केंद्रामागेच कमलबाईंच्या घरात खोली मिळाली. बाई करड्या आहेत, पण त्यांची शेंगाचटणी खाल्ली आणि पुणं विसरले.

५ फेब्रुवारी
सकाळी सातला निधन वार्ता वाचायची, हे माझं पहिलं काम. आधीचे निवेदक माणिकप्पा बारा वर्षं ती वाचायचे आणि शेवटी नुसतं ‘एवढंच’ म्हणून माइक बंद करायचे. किती कोरडं! मी आज तीन नावं वाचली आणि शेवटी माझं नेहमीचं लाडीक ‘येते हं!’ म्हटलं. पुण्यात लोक मला या दोन शब्दांवरून ओळखायचे. आवाज झकास लागला. कित्येक महिन्यांनी वाटलं, आपण कुणालातरी हव्या आहोत.

८ फेब्रुवारी
भाकरी थापता थापता कमलबाईंनी मला फैलावर घेतलं. “मयताच्या घरनं निघताना येते म्हनत्यात का कुणी? गप उठून जायाचं आस्तंय. तू तर रोज तीन-तीन घरी येते म्हनून सांगायलीस!” हे मलाही ठाऊक आहे. आजोबा गेले तेव्हा आईनं याच शब्दावरून मला दटावलं होतं. पण रेडिओ म्हणजे काय मयताचं घर आहे? मी हसले. बाई हसल्या नाहीत.

१२ फेब्रुवारी
फर्माइशीच्या कार्यक्रमात येडशीहून फोन आला. म्हातारा माणूस, बोलणं अदबीचं. गाणं नको म्हणाला. “तुमी येते म्हनलाव, म्हून वाट बघायलोय. कवा येताव?” नाव बिभीषण, घर रामलिंगाच्या वाटेवर. मी थट्टेवारी नेलं. फोन ठेवल्यावर आठवलं, हे नाव सकाळी मीच वाचलं होतं. खाजाभाई म्हणाले, जिल्ह्यात बिभीषण पन्नास निघतील मॅडम. निघतीलही. सकाळची निधन वार्ता मात्र पुन्हा काढून वाचली.

१५ फेब्रुवारी
आज चार फोन. चौघंही निधन वार्तेतली. कुणी रागावत नाही, याचीच जास्त भीती वाटते. लक्ष्मम्मा म्हणाल्या, चहा ठेवलाय. शरणबसप्पा म्हणाले, एसटीत टाकतात तसा रुमाल टाकून माझी जागा धरून ठेवलीय.
घसा बसलाय. आज ठरवून ‘एवढंच’ म्हटलं. खाजाभाईंनी रेकॉर्डिंग ऐकवलं. त्यात मी हसत म्हणतेय, येते हं.

१८ फेब्रुवारी
आवाज पाव उरलाय. डॉक्टर म्हणाले, घसा स्वच्छ आहे, काही झालेलं नाही.
दुपारी बिभीषणांचा फोन. फार आनंदात होते. “आवाज पोचला तुमचा. घरभर घुमायलाय. आता तुमी या.” त्यांच्यामागं कुणीतरी हसलं. ते हसणं माझं होतं.
मी खूप रडले. रडण्याचाही आवाज येईना. आवाजाशिवाय माझ्याकडं आहे काय? कुठं जाऊ मी?

१९ फेब्रुवारी
कमलबाईंना सगळं लिहून दाखवलं. त्या ओरडल्या नाहीत, जवळ बसल्या. म्हणाल्या, तोंडानं दिलेला शब्द तोंडानंच मोडायचा. जिथनं म्हनलीस तिथनंच सांग, मी येत नाही. एकदाच, पर सगळ्यांस्नी ऐकू गेलं पायजे.

२२ फेब्रुवारी
तीन दिवस मौन. खोकलासुद्धा दाबते. खाजाभाई वार्ता वाचतात, मी आवाज साठवते. तीनच शब्द हवेत. मी. येत. नाही. खंडोबा, एवढे तीन राहू दे. बाकी सगळा घे.
फोन वाजतोय — उचलत नाही.

२३ फेब्रुवारी, सकाळ
सातला माइकसमोर बसले. लाल दिवा लागला.
‘मी’ आला. माझाच, जुना, मोकळा.
‘येत’ आला.
आणि मग नुसती हवा — तोंड उघडं — काचेपलीकडं खाजाभाई हातानं सांगतायत, बोला, बोला — ओठ हलले, नाही, नाही, नाही — काही नाही —
सगळ्या जिल्ह्यानं एवढंच ऐकलं.

दुपार
फोन थांबलेत.
अंगणात माणसं. बरीच. पाहुणी न्यायला आल्यासारखी, नीटनेटकी. आत येत नाहीत. पुढच्या म्हाताऱ्याच्या हातात रुमाल —
कमलबाई दार धरून उभ्या आहेत. त्यांना अंगण रिकामं दिसतंय म्हणे —
बाहेर माझा आवाज बोलतोय. चला हं, निघू या —
पाय उठतायत. मी उठवत नाही —
लिहून दाखवते. वाचतील. ऐकतील. मोठ्या अक्षरात, हात थांबायच्या आत, तिन्ही शब्द एका दमात —

मी येत