निरोपाची पोच

आई,

तक्रार आहे, आणि ती गंभीर आहे. माझा घसा बेकार झाला. तू गेल्यावर मी मिरजोळ्याच्या एमआयडीसीत आंब्याच्या रसाच्या कारखान्यात चिकटलो, हे तुला माहीत असायचं कारण नाही. तिथे माझा हुद्दा कागदावर काहीही असो, काम ओरडण्याचं होतं. मुंबईच्या ऑफिसात ऑर्डरी आणि बिलं एका कॉम्प्युटरवर, आमच्या गोदामातला माल दुसऱ्या कॉम्प्युटरवर, आणि दोघांचं एकमेकांशी बोलणं नाही. सासू-सुनेसारखं सगळं माझ्यामार्फत. रोज संध्याकाळी एका कानात बोट घालायचं आणि दुसऱ्या कानाला फोन लावून "केसर नाही हो, हापूस! हापूस! हत्तीतला ह!" असं गर्जायचं. पावसाळ्यात लाइनीला खरखर लागली की मी आणखी रंगात यायचो. शेजारच्या कारखान्याचा वॉचमन माझ्या आवाजावर चहाचं आधण ठेवायचा. असा लौकिक मिळवायला माणसाची हयात जाते. तो एका पुण्याच्या मुलीने आठवड्यात संपवला, आणि कुणी साधा निरोप समारंभही केला नाही.

ही मुलगी इंजिनियर. पाठीला पिशवी, पायात बूट, आल्याआल्या मला "काका" म्हणाली तिथेच माझं मन कलुषित झालं. म्हणाली, "काका, आता तुमचा प्रोग्राम मुंबईच्या प्रोग्रामशी थेट बोलणारच नाही. मुंबईवाला आपला मेसेज क्लाउडमध्ये ठेवेल. तुमची लाइन चालू असेल तेव्हा तुमचा प्रोग्राम तो उचलेल. बंद असेल तर मेसेज तिथेच रांगेत थांबेल." मी विचारलं, "क्लाउड म्हणजे ढगच ना?" ती म्हणाली, "म्हणजे दुसऱ्यांचे मोठे कॉम्प्युटर, भाड्याने घेतलेले. पण हो, ढगच म्हणा." मी म्हटलं, "बाई, इथे चार महिने आम्ही ढगाखालीच असतो. आमची लाइन तोडतो कोण, तर ढग. आणि निरोपही त्याच्याकडेच ठेवायचे?" मालक हसले, ती नाही हसली. तिने मान खाली घालून काम सुरू केलं. मला एकदम तू आठवलीस. कारण तिने जे हजार मैलांवर भाड्याने घेतलं होतं, ते आपल्या घरी चुलीपाशी बसून तू फुकट करायचीस.

आपलं स्वयंपाकघर रस्त्याच्या अंगाला, आणि एसटीच्या थांब्याकडे जाणारा प्रत्येक जण त्या खिडकीवरून जाणारा. "वैनी, सुताराला सांगा, उद्या नको, परवा ये." "काकू, माझा भाऊ दापोलीच्या गाडीने उतरेल, त्याला म्हणावं मुरुडला फणस पोचवला." तू भाकरी थापता थापता ऐकायचीस, मान हलवायचीस, आणि ज्याचा निरोप तो खिडकीसमोर आला की बरोबर त्याच्या हातात ठेवायचीस. कुणी फिरकलाच नाही तर मला पिटाळायचीस. मी परत आलो की तुझा एकच प्रश्न. निरोप दिलास का, असं तू कधी विचारलं नाहीस. विचारायचीस, "काय म्हणाला?" एकदा मी सुताराला निरोप देऊन आलो आणि म्हटलं, "काही नाही म्हणाला." तू तव्यावरचा हात तसाच ठेवून म्हणालीस, "काही नाही म्हणाला म्हणजे त्याच्या कानात शिरलं नाही. जा परत. पोच घेऊन ये." मी पुन्हा उतार उतरून गेलो. सुतार खरंच रंधा मारत होता, त्याला काही ऐकूच आलं नव्हतं. तेव्हापासून माझ्या डोक्यात पक्कं बसलं, की पोच नाही म्हणजे निरोप पोचला नाही. हे तू शिकवलंस, आणि याच शिकवणीने मला दहाएक वर्षं छळलं. तेच सांगायला बसलोय. घशाचं आपलं सुरुवातीला हात-पाय मोकळे करायला.

शेवटच्या दिवसांत तू सिव्हिल हॉस्पिटलात होतीस. मी पुण्यात. तुझं-माझं एकच भांडण होतं, की मी तिकडे नोकरी धरून बसलोय आणि परत यायचं नाव घेत नाही. "तुझी खोली तशीच ठेवल्येय" असं तू प्रत्येक फोनला म्हणायचीस आणि मी प्रत्येक फोनला विषय बदलायचो. मग एका दुपारी मी राजीनामा दिला. आपल्याकडे फोन नव्हता. फोन शेजारच्या चाचीकडे, तिचा नवरा मस्कतला म्हणून. मी तिला सांगितलं, "चाची, तुम्ही डबा घेऊन जाल तेव्हा आईला सांगा, मी येतोय. राहायला येतोय. परत जायचं नाही." चाची म्हणाली, "सांगते ना! आत्ताच जाते." मी सामानाची गाडी ठरवली, दुसऱ्या दिवशी निघालो. पोचलो तेव्हा अंगणात माणसं जमली होती.

तुझ्याकडून पोच आली नव्हती. ज्या बाईने जन्मभर सुताराचा हुंकारसुद्धा मोजून घेतला, ती असा निरोप ऐकून गप्प राहीलच कशी? म्हणजे पोचलाच नाही. तू मला तिकडचाच समजून गेलीस. चाचीला मी विचारलं नाही. तिने "राहून गेलं रे" म्हटलं असतं तर मी काय करणार होतो? तेवढा धीर नव्हता. कुंपणापलीकडून "काय, बरं?" एवढंच बोलत राहिलो. गावात मी तिरकस म्हणून प्रसिद्ध, साप्ताहिकात लिहून लोकांच्या टोप्या उडवतो, पण एक साधा प्रश्न विचारायला माझी जीभ उचलत नव्हती.

आणि यंदा कारखान्याच्या फाटकात एका ऑर्डरीवर दोन गाड्या भरून उभ्या राहिल्या. दोन्ही ड्रायव्हर एकमेकांची आई-बहीण काढतायत, मालक बाहेर येऊन ओरडतायत, "ऑर्डर एक आणि गाड्या दोन! हा पाऊस कुठल्या ढगाने पाडला?" मी मनातून खूश. आता पुन्हा घशाला दिवस येणार. ती मुलगी कॉम्प्युटरपुढे बसली, जराशाने म्हणाली, "मुंबईचा मेसेज तुम्हाला पहिल्या खेपेलाच मिळाला होता, काका. तुमच्या प्रोग्रामने गाडी भरायला सांगितली आणि मिळाला म्हणून कळवलंही. पण तेवढ्यात लाइन गेली. तुमचं कळवणं वाटेत हरवलं. रांगेला वाटलं पोचलाच नाही, म्हणून तिने तोच मेसेज पुन्हा दिला." मी म्हटलं, "थांब. निरोप पोचला होता?" "हो." "पोच पण दिली होती?" "दिली होती ना. ती हरवली. पोच आली नाही यावरून मेसेज पोचला नाही असं नाही म्हणता येत." मग ती प्रत्येक मेसेजला नंबर, एकदा पाळलेली ऑर्डर पुन्हा आली तर नुसती पोच द्यायची, गाडी भरायची नाही, असं काहीतरी मालकांना समजावत राहिली. माझं लक्ष नव्हतं. मालक म्हणाले, "तुम्हाला काय झालं? गाडी तर माझी गेली." मी म्हटलं, "मला घरी जायला हवं." दिवसाढवळ्या, ऐन कामात. ते काय समजायचं ते समजले.

चाची ओसरीवर सुकट निवडत बसली होती. मी उभ्या उभ्याच विचारलं, "चाची, तेव्हा माझा निरोप आईला दिलात का?" "म्हणजे काय? देऊन आले तर! उशाशी बसून दोनदा सांगितला." "मग ती काय म्हणाली?" तुझाच प्रश्न, आई, माझ्या तोंडून बाहेर पडला. चाची हसायला लागली. "म्हणाली, त्याला म्हणावं ऐकलं. आणि तो पुण्याचा लोखंडी पलंग घेऊन येऊ नको म्हणावं, माजघरात मावायचा नाही. हात असा धरून मला माप दाखवत होती. मी घरी येऊन तुला फोन लावला, कुणी उचलीना. तू गाडीच्या मागे लागला असशील." मी म्हटलं, "मग इतकी वर्षं बोलला का नाहीत?" तिने सूप खाली ठेवलं. "अरे, तू समोर येऊन उभा राहिलास, आता निरोप कुणाला द्यायचा? आणि तेराव्याला तुझं ते तोंड बघून तुला पलंगाचं सांगू?"

मी पायरीवर बसलो आणि हसलो. इतका हसलो की चाचीने आतून पाणी आणलं. कारण आई, मी पलंग आणला होता. माजघराच्या दारातून तो आत शिरलाच नाही, पडवीत आडवा पडलाय आणि आल्यागेल्याच्या नडग्या फोडतोय. तू खाटेवर पडून माझ्यासाठी माप घेत होतीस. घरात मला कुठे निजवायचं ते ठरवत होतीस. म्हणजे मी येतोय यावर तुझा विश्वास बसला होता. छातीवरचं ओझं उतरलं असं लोक लिहितात तेव्हा मी त्यांची चेष्टा करतो. त्या दिवशी मात्र घरी आलो आणि भर दुपारी, पंखा न लावता, गाढ झोपलो.

हे पत्र टपालात टाकणार नाही. पोस्टातला माणूस पत्ता विचारील आणि मला विनोद करावा लागेल.

काल फडताळ आवरताना मागे चाचीचा डबा सापडला. तुझ्या सुतकाच्या दिवसांत तिने त्यातून केळी आणि पोहे पाठवले होते, तेव्हापासून आपल्याकडेच राहिलेला. चिंचेने घासून लख्ख केला. शेजारचा डबा रिकामा परत करायचा नसतो, म्हणून आंबापोळीने भरला आणि नेऊन तिच्या ओट्यावर ठेवला. तिने एक तुकडा मोडून तोंडात टाकला आणि म्हणाली, "हां, आईच्या हाताची आठवण आली बघ." मी नुसती मान हलवली. आंबापोळी बाजारातली होती.