नारळ कोणाच्या हातात

खंडेनवमी, संध्याकाळ. हिंगणघाट.

उजवा हात ठणकून राह्यला. डाव्या हातानं लिहितो, म्हणून अक्षर असं.

आमच्या कापसाच्या जिनिंगात मशीनपूजेचा नारळ दरवर्षी हेडफिटर फोडते, म्हणजे मीच. यंदा रुईच्या गाठी बांधायची नवी प्रेस आली. मालकाले उन्हाळ्यातच म्हटलं होतं, मले प्रेसच्या कंपनीत शिकायले पाठवा, मी चालवतो. तं म्हणते, "तू शिकून दुसऱ्याच्या जिनिंगात पळाला तं? मी तयार माणूसच आणतो." आणला नागपुराहून.

आज साऱ्या कामगारांसमोर मालकानं नारळ त्या नव्याच्या हातात देल्ला. माह्या डोक्यात काय शिरलं, मालूम नाई. नारळ हिसकावला अन् नव्या प्रेसच्या बटनांच्या पॅनेलच्या काचेवर हाणला. काच तडकली तरी हाणत राह्यलो. मनगटापर्यंत रक्त. मालकाची कॉलर धरली होती का मी? धरली होती. पोरांनी ओढून काढलं. काचेचा चुरा झाला, नारळाले साधी चीर नाई.

मालक बोंबलला, "उद्यापासून तोंड दाखवू नको."

त्या नव्यानंच मले नळावर नेलं, हाताले आपला रुमाल बांधला. हळूच म्हणते, "दादा, एवढं काऊन केलं? मी तं दिवाळीनंतर हैदराबादले चाललो. तिकडच्या कंपनीत बोलणं झालं माह्यं."

मालकाले हे मालूम नाई.

नारळ घरी घेऊन आलो. समोरच हाय, साबूत. काचेचा काय दोष होता? चुकीच्या जागी हाणला.