बाहेरच्या घड्याळांवरचा कर

आई, तू गेल्याला इतकी वर्षं झाली, आणि तुला सांगायची गोष्ट आहे ती माझ्या नोकरीची. मी दिल्लीत अर्थखात्यात आहे. परदेशातून येणाऱ्या मालावर किती कर लावायचा, त्याच्या फायली माझ्या टेबलावरून जातात. तू असतीस तर म्हणाली असतीस, "म्हणजे दिवसभर नेमकं करतेस काय गं?"

ठाण्याच्या वागळे इस्टेटमधला तुझा गजराच्या घड्याळांचा कारखाना बंद झाला, तेव्हा मी बारावीत होते. भर दुपारी तू वर्तकनगरच्या खोलीत परत आलीस, चपला काढल्यास आणि भिजवलेले वाल सोलायला बसलीस. केसाएवढे स्क्रू बसवणारी तुझी बोटं, पण त्या दिवशी वाल सारखे निसटत होते. बाहेरची घड्याळं स्वस्त येतात, सरकारने त्यांच्यावरचा कर कमी केला, मालकाला परवडेना, एवढंच तू सांगितलंस. मी चिडून म्हणाले, "सरकारला अक्कलच नाही." तू मान वर केलीस. "त्यांनी असं का केलं ते तुला ठाऊक आहे? नाही ना? मग आधी समजून घे, मग बोल." नोकरी तुझी गेलेली आणि बोलणी मी खाल्ली.

समजून घ्यायलाच मी अर्थशास्त्र घेतलं. आपलं कापड, आपली औषधं बाहेर विकायची तर त्यांचा मालही कमी करात आत येऊ द्यावा लागतो, तसे करार असतात. त्याने आपलं भलंही झालं, पुष्कळांना कामं मिळाली. पण तो कर कमी केला की सरकारची मिळकतही घटते. मग ती भरून काढायला दुसरा कुठला तरी कर वाढतो, नाहीतर खर्चाला कात्री लागते. तुमच्यासारख्यांना दुसरं काम शिकवायला पैसा हवा असतो, तो नेमका तेव्हाच हात आखडता घेऊन दिला जातो. तुला कुणी काही शिकवलं नाही. तू दोन घरी पोळ्या लाटायचं काम धरलंस.

गेल्या वर्षी मी एका बैठकीसाठी डोंबिवलीला, मानपाड्याला गेलेले. तिथे पँटच्या, पर्सच्या चेन बनवणारे छोटे कारखाने आहेत. बाहेरच्या तयार चेनवरचा कर वाढवा, असं मालकांचं म्हणणं. करारात ठरलेल्या मर्यादेपलीकडे जाता येत नाही, मी सांगितलं. मागच्या रांगेतून एक कामगार बाई उठली. "मॅडम, सरकार आपलंच ना? मग दुसऱ्यांना कशाला विचारायचं?" मी म्हटलं, "विचारावं लागतं, ताई. पण दुसरा काही रस्ता निघतो का ते बघते."

दिल्लीला जाऊन मी टिपण लिहिलं. चेनवरचा कर वाढवता येत नसेल, तर चेन ज्यापासून बनते त्या प्लास्टिकच्या दाण्यावरचा तरी कमी करा. माझे वरिष्ठ भले गृहस्थ आहेत. त्यांनी चष्मा काढून विचारलं, "आणि तेवढी मिळकत कुठून आणू, ते तुम्हीच सांगा." टिपण तीनदा परत आलं. शेवटी दाण्यावरचा कर थोडा उतरला, आणि ती घट भरून काढायला कामगारांना नवीन काम शिकवायची एक योजना पुढच्या वर्षावर ढकलली गेली. दोन्ही कागदांवर सही माझी. परवा तिथल्या एका मालकाचा फोन आला, "मॅडम, पाळी एकच चालते, पण बंद नाही पडलो."

हे पत्र कुणाला दाखवायचं नाही, कपाटातच राहील. एक सांगायचं राहिलंय. त्या दिवशी मानपाड्याची बैठक संपल्यावर ती बाई चहा घेऊन माझ्यापाशी आली. मी ठाण्याची हे तिला कुणीतरी सांगितलेलं. "तुमची आई काय करायची, मॅडम?" तिने सहज विचारलं. मी म्हटलं, "घरीच असायची." निघायची घाई होती, खरं सांगितलं असतं तर ती बोलतच बसली असती, असं मी गाडीत स्वतःला सांगत राहिले. तसं नव्हतं, आई. तुझ्या कारखान्याचं कळलं असतं तर "मग तुम्ही त्याच सरकारच्या बाजूला कशा बसता?" असं तिने विचारलं असतं. मला तिची भीती वाटली.