मावशींची खात्री

३ जून
नोकरीचा पहिला दिवस झकास गेला. बालकल्याणच्या कचेरीत खिडकीजवळचं टेबल मिळालं. आमच्या वरिष्ठ बाईंना सगळे मावशीच म्हणतात. त्यांनी स्वतः चहा ओतून दिला. म्हणाल्या, घरभेटीत डोळे उघडे ठेव, मग माझ्याशी बोल, एकटीनं ओझं वाहू नकोस. शेजारच्या टेबलावरचे काका इथे मुरलेले, तरी डबा उघडण्याआधी मावशींना विचारून आले, भूक लागली असेल का म्हणून. मला हसू फुटलं. काका हसले नाहीत.

६ जून
पहिली घरभेट. आई, सावत्र बाप आणि पाचेक वर्षांची चिमुरडी. तिच्या दंडावर इस्त्रीचा चटका होता. आई म्हणाली, पोर धडपडी आहे. मी कचेरीत येऊन ठणकावून सांगितलं, मुलीला आजच तिथून काढायला हवं. मावशी रागावल्या नाहीत. खात्री आहे का, एवढंच मायेनं विचारलं. मग पुन्हा. मग पुन्हा. शेवटी माझ्याच तोंडून निघालं, शाईचा डागही असेल. त्यांनी पाठीवरून हात फिरवला. फार हलकं वाटलं.

११ जून
पुन्हा गेले. डाग ओल्या फडक्यानं पुसून पाहिला. डाग निघाला नाही, कातडी निघाली. मुलगी रडली नाही. मावशींना फोन केला. म्हणाल्या, शाई पक्की असते. मला पटलं.

१४ जून
घरी माझ्या आईनं विचारलं, जेवलीस का. आठवेना. मावशींना विचारलं. जेवले होते म्हणे. भरल्या पानावरून उठले. आई बघत राहिली. मला वाईट वाटायला हवं होतं.

१८ जून
काकांनी जिन्यात गाठलं. म्हणाले, माझ्याही हाताखाली एक मुलगा होता, मी वेळेत — मग थबकले. होता ना, हे विचारायला मावशींकडे गेले.

१९ जून
त्या चिमुरडीच्या घरी आहे. मुलगी खाटेवर. ओठ निळे. श्वास — असावा. माझं बोट तिनं मुठीत धरलंय, डाव्या हातानं लिहितेय. तिची आई दारात उभी, म्हणते झोपलीय.
फोन स्पीकरवर ठेवून मावशींना विचारलं, रुग्णवाहिका बोलवू का. आजारी आहे याची खात्री आहे का, म्हणाल्या. नाही.
तिथे मुलगी आहे याची?
चादर दिसते. चादरीखाली —
पकड सैल होतेय. मावशी फोनवर थांबल्यात. सावकाश सांग, म्हणतात.
मला वाटतं ती अजून