मानाच्या बैलाचा कासरा

शिरसवाडी, ता. जामखेड
श्रावण वद्य पंचमी, १९७३

प्रिय सूर्यभान,

पत्र उघडलं की आधी खालची सही बघायची तुझी खोड मला ठाऊक आहे. होय, मीच आहे, तुझी रंगूअक्का. नागपंचमीला माहेरी आले ती अजून सासरी गेलेच नाही. तुझे दाजी निरोप पाठवून दमले. हौसेनं आले आणि घरात पाहते तर तू नाहीस. मॅट्रिकला गणितात नापास झालास, आबा रागाच्या भरात 'तोंड दाखवू नको' म्हणाले, आणि तू खरंच श्रीगोंद्याला मामाकडे निघून गेलास. आबांचं एवढं ऐकायला कधीपासून लागलास रे? विहिरीत उड्या मारू नको म्हणायचे, तेव्हा कुठं ऐकायचास?

यंदा बाजरी गुडघ्याच्या वर आली आहे. हिरवं रान बघितलं की गेलं साल खोटं वाटतं. तेव्हा सगळी वाडी रस्त्यावर खडी फोडायला, आणि गुरं छावणीत. तू आपली बैलजोडी आणि पुस्तकांची पिशवी घेऊन छावणीवर गेलास. मग भागूबाईची गाय तुझ्या दावणीला आली, गोजरआत्याची म्हैस आली, असं करत निम्म्या वाडीची जनावरं तुझ्या गळ्यात पडली. मी भेटायला आले होते तेव्हा तू उसाच्या वाढ्यांच्या भाऱ्यावर बसून भूमिती पाठ करत होतास आणि भागूबाईची गाय निवांत तुझं पुस्तक चाटत होती. हसून हसून माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं. वाडीचं एकही जनावर दगावलं नाही, पण त्याचे मार्क कोण देणार? गणिताच्या पेपरला तू गेलाच नाहीस, एवढंच सगळ्यांना कळलं. पोरगं घाबरलं, असं लोक म्हणाले. तू गप्प बसलास आणि आबांची मान खाली गेली.

आता परवाची गंमत ऐक. पोळा जवळ आला म्हणून सहादेव पाटलांनी पारावर माणसं जमवली आणि आपला सालगडी छगन याला फेटा बांधायला काढला. दुष्काळात यानं माझा बैल ढवळ्या जगवला, असं म्हणत त्याचा सत्कार. फेट्याचा पहिला वेढा डोक्यावर पडला न पडला तोच छगन रडायला लागला. काय झालं, काय झालं म्हणेपर्यंत गड्यानं सगळं ओकून टाकलं. तुझ्या गणिताच्या पेपरच्या दिवशी तो न सांगता बहिणीकडे जत्रेला गेला होता. इकडे छावणीत ढवळ्याचं पोट फुगलं. तू पेपरला निघाला होतास, धुतलेला सदरा अंगात होता. तसाच मागं फिरलास, ढवळ्याला तेल पाजलंस आणि दुपार टळेपर्यंत त्याला फिरवत राहिलास. संध्याकाळी छगन आला तर बैल रवंथ करत होता. पाटलांना कळलं असतं तर छगनची चाकरी गेली असती, आणि त्याच्या घरात खाणारी तोंडं किती ते तुला माहीत. म्हणून तू घरीसुद्धा बोलला नाहीस. अरे, निदान मला तरी सांगायचंस! मला तुझा राग आला आणि इतकं बरं वाटलं की काय सांगू.

छगनची चाकरी शाबूत आहे, काळजी करू नकोस. पाटलांनी त्याला खूप झापलं आणि फेटा काढून घेतला, एवढंच. तुमचे राधाकृष्ण सर पारावरच होते. ते म्हणाले, "गणिताचा पेपर ऑक्टोबरात पुन्हा येईल. बैल पुन्हा आला नसता. हे ज्याला कळलं, त्याला मी आणखी काय शिकवायचं?" ऑक्टोबरला मात्र तुला बसवणारच आहेत, त्यातून सुटका नाही. आबा दुसऱ्या दिवशी सकाळी एस.टी.नं जामखेडला गेले आणि पेढे घेऊन आले. घरोघर फिरून हातावर पेढा ठेवत होते. लंकाकाकूनं विचारलं, आता कुणाचा निकाल लागला म्हणून. आबा म्हणाले, "माजा सूर्यभान पास झाला." आई ओसरीवर उभी राहून पदर तोंडाला लावून हसत होती का रडत होती, मला अजून ठरवता आलेलं नाही.

आता मुद्द्याचं लिहिते. काल संध्याकाळी पाटील स्वतः आपल्या दारी आले. पोळ्याला वेशीतून पहिला जातो तो त्यांचा मानाचा बैल, आणि त्याचा कासरा आजवर त्यांच्या घराबाहेर कुणाच्या हातात गेलेला नाही. ते आबांना म्हणाले, "औंदा कासरा तुज्या पोराच्या हाती. त्यो येस्तवर माजा ढवळ्या येशीतून हालनार न्हाई, आन् त्याच्या मागं कुनाचाच न्हाई." पाटील गेल्यावर आबा मला म्हणाले, "म्याच त्याला हाकललं. बोलवायला त्वांड कुठून आनू? रंगू, तू लिव." म्हणून हे पत्र, बाळा. सगळ्या गावाचे बैल तुझ्यासाठी थांबणार आहेत, पण मला त्यांचं काही नाही. मी हे लिहितेय आणि आबा समोर बसून सारखं विचारतायत, त्यो येईल म्हनून लिवलंस का. लिहिलं, असं मी सांगून टाकलंय.

तुझीच,
रंगूअक्का