आबांच्या खाटेखालचा वास

सारंगखेडा, माघ वद्य पंचमी, १९३६

वास पुन्हा आला, सासऱ्यांच्या खाटेखालूनच. महिनाभर तिथली जमीन शेणाने सारवतेय, राख टाकतेय, निंबाच्या पाल्याचा धूर करतेय, आणि शिव्या मांजरीला. शेवटी आठ दिवसांपूर्वी ह्यांनी तिला पोत्यात घातलं आणि नावेतून नेऊन तापीपलीकडे सोडलं. मीच मागे लागले होते. तिची वाटी मात्र टाकवली नाही.

आज आबांची घोंगडी झटकायला उचलली, तर कोपरा ओला. घरात मांजर तर नाही. मला हे कळायला इतके दिवस का लागले?

आबा भिंतीकडे तोंड करून बसले होते. एके काळी आबांच्या एका हाकेला बिथरलेला घोडा जागीच उभा राहायचा. ते हळूच म्हणाले, "मांजर फिरीसन उनी वाटस, माय."

आणि ती बिचारी पलीकडे काय खात असेल?

"हा आबा, उनी शे," म्हटलं, आलीय परत म्हणून सांगून टाकलं.

घोंगडी धुतली, जमीन सारवली. घरातल्यांना दिसेल अशी ती वाटी दूध घालून खाटेजवळ ठेवली आहे. सकाळी मलाच गुपचूप रिकामी करावी लागेल.