धुतलेला भराव

२ फेब्रुवारी
मुरमाचा ट्रक आला. ढीग पाहिला आणि शिसारी आली. खडे, माती, भुकटी, मध्येच कोणाची तरी चप्पल. सगळं एकत्र कालवलेलं. बाबांना आता जिना चढवत नाही, म्हणून महिनाअखेरीस ते दादाकडून आपल्याकडे, तळमजल्याच्या मागच्या खोलीत राहायला येणार. ती खोली घरापेक्षा दीड फूट खाली. वॉकर पायरी उतरत नाही, म्हणजे भराव घालणं आलं. पण ही घाण माझ्या बाबांच्या पायाखाली? दादा फोनवर म्हणाला, माझा माणूस पाठवतो, दोन दिवसांत उरकेल. त्याचा माणूस थुंकतो. नको म्हटलं. बाबांची खोली मी स्वतःच्या हातानं करणार.

५ फेब्रुवारी
संकल्प: फक्त स्वच्छ मटेरियल. मुरूम चाळला, बारीक सगळं फेकून दिलं. उरलेली खडी पाइपनं धुतली, उन्हात वाळवली. सगळी सुपारीएवढी, एकसारखी. बघत राहावंसं वाटलं. शेजारचे काका कंपाउंडवरून म्हणाले, बारीक काढलंत तर फटी कशानं भरणार? काकांच्या बनियनला भोक आहे. अशा माणसाला काय उत्तर द्यायचं.

८ फेब्रुवारी
भराव ठोकायचा जड धुम्मस मारून मारून खांदे कामातून गेले. खडी बसत नाही. इकडे दाबली की तिकडे वर येते. ही शेंगदाण्यांनी काठोकाठ भरलेली बरणी घेऊन आली आणि माझ्यासमोर तिच्यात वाटीभर साखर ओतली. सगळी मावली. म्हणाली, तुमच्या भरावात एवढी जागा रिकामी आहे. मी मुंग्यांचा विषय काढला. ती आत निघून गेली. चर्चा करायची तयारीच नसते कोणाची.

१० फेब्रुवारी
शेवटी दगडाची कच आणली. विकतची धूळ! काका म्हणाले, जरा ओलसर करून घ्या, मुठीत गोळा राहील इतपत. सुकी राहिली तर बसणार नाही, जास्त भिजली तर गाळ होईल. ती ओली घाण मुठीत धरायची? सुकीच पसरली. धुम्मस मारताच ढग उठला. नाकात कच, कानात कच, दातांखाली कच. तीनदा चूळ भरली. सरळ पाइप सोडला आणि सगळी धूळ खाली बसवली.

आता पाय ठेवला की जमीन गदगदते. किळसवाणं आहे. सुकेल.

१७ फेब्रुवारी
वरून सुकलं. टाइल्स बसवल्या, पांढऱ्याशुभ्र. टाइलवाला ठोकून म्हणाला, साहेब, पोकळ वाजतंय. त्याला साबण दिला आणि हात धुवायला पाठवलं. खोली एखाद्या हॉस्पिटलसारखी दिसते. बाबा खूश होतील.

२८ फेब्रुवारी
बाबा आले. दादा सोडायला आला होता. हिनं बाबांचा चहा टीपॉयवर ठेवला. बाबा वॉकर टेकत टेकत आत आले आणि तिसऱ्या टाइलवर वॉकरचा पाय टाइलसकट खचला. बाबा कलंडले, टीपॉय उलटला. दादानं झेप घेऊन त्यांना धरलं. मीही झेप घेतली. फडकं आणायला. चहा टाइलच्या सांध्यात मुरला की डाग जात नाही, हे यांना कोण सांगणार.

पुसून मान वर केली तर सगळे माझ्याकडे बघत होते. बाबा दादाच्या आधारानं उभे होते.

"अरे, तुला मातीतली माती चालली नाही," बाबा म्हणाले. "मी तर दिवसातून चारदा सांडतो."

मग दादाला म्हणाले, बॅग गाडीतून काढू नकोस.

१ मार्च
बाबांना दादाकडची सवय आहे, हेच खरं कारण. टाइलवाला बेकार, मुरूम बेकार, काका अपशकुनी. खोली पुन्हा पुसली. खचलेल्या जागी पाणी साचतं ते टिपून घेतलं. मग कोरड्या खोलीत उभा राहिलो आणि फार वाईट वाटलं.

दादाला फोन लावला, बाबांना दे म्हटलं. म्हणाला, जेवतायत, हात बरबटलेत. मी म्हटलं, असू देत, तसाच दे. दादानं त्यांना विचारलं. बाबा म्हणाले, त्याला सांग, हात धुऊन येतो.

मी फोन कानाला लावून थांबलो. पलीकडे नळ वाहत होता. बराच वेळ वाहत होता.